बियाण्याचे फळ

वसईच्या आमच्या वाडीत टोमॅटोचे पीक ऐन भरात आले, की एखाद्या सकाळी आजी वाफ्यांतून सावकाश फिरत असे. तिच्या कमरेला जुन्या लुगड्याच्या चिंध्या खोचलेल्या असत. ती आधी फळ पाहत नसे, रोप पाहत असे. ज्याच्या पानांवर रोगाचा डाग नाही आणि जे फळांनी लगडलेले आहे, असे रोप निवडून त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या घोसातील सर्वांत देखण्या फळाच्या देठाला ती चिंधी बांधी. त्या क्षणापासून ते फळ आमचे राहत नसे. तडकलेले टोमॅटो घरच्या कालवणात जात, चांगले बाजारच्या टोपलीत जात, आणि त्यांहूनही चांगले होते ते झाडावरच लालबुंद होऊन मऊ पडेपर्यंत टांगलेले राही. आम्हा मुलांना ते मोठे कोडे वाटे. कोणी विचारलेच, तर आजी म्हणे, ‘‘ते बियाण्याचे आहे.’’ तिच्या दृष्टीने एवढे उत्तर पुरेसे होते.

आज या वयात मला वाटते, की त्या चिंधीत एक नैतिक प्रश्न बांधलेला होता. आपल्याजवळ जे सर्वोत्तम आहे, ते कोणाचे? विकत घेणाऱ्याचे, घरात खाणाऱ्याचे, की जो हंगाम अद्याप उगवलेलाच नाही, त्याचे? आपली नेहमीची रीत अशी, की आपले भागल्यावर जे उरते ते आपण पुढे सरकवतो. जुने कपडे, शिळे अन्न, फावला वेळ यांनाच आपण औदार्य म्हणत आलो. बियाण्याला ही रीत चालत नाही. दरवर्षी उत्तम फळ खाऊन किडके फळ बियाण्याला ठेवले, तर थोड्याच वर्षांत वाण हलके होते. शेतीत पुढच्याला द्यायचे ते उरल्यानंतर देता येत नाही. ते आधीच बाजूला काढून ठेवावे लागते.

बाजूला काढणे म्हणजे नुसते राखणे नव्हे. पिकलेले फळ कापून आजी त्यातला बियांचा बुळबुळीत गर एका मडक्यात काढी, थोडे पाणी घाली आणि दोन-तीन दिवस सावलीत ठेवी. त्यावर पांढरट साय धरे, आंबूस वास सुटे. हा नासाडीचा देखावा आवश्यक असतो. टोमॅटोच्या प्रत्येक बीभोवती गराचे एक आवरण असते. ओलसर फळातच बीला कोंब फुटू नये, म्हणून निसर्गाने त्यात अंकुर रोखणारी द्रव्ये ठेवली आहेत. आंबण्याने ते आवरण सुटते आणि बीबरोबर येणारे काही रोगजंतूही कमी होतात. मग पाणी घालून ढवळले, की भरीव बी तळाशी बसते, पोकळ बी वर तरंगते. तरंगणारे ओतून द्यायचे, बसलेले धुऊन पितळी ताटलीत सावलीत सुकवायचे. कागदावर पसरले तर ते चिकटून बसते. नीट सुकलेले बी बाटलीत थंड, कोरड्या जागी राहिले, तर चार-पाच वर्षे सहज उगवते. एका ग्रॅममध्ये सुमारे तीनशे बिया मावतात. एका फळाच्या त्यागातून आख्ख्या वाडीची तरतूद होते, ती अशी.

आता एक कबुली द्यायला हवी. एका वर्षी आजी अंथरुणाला खिळली. त्याआधी तिने चिंधी बांधलेली होती. मी तेव्हा कॉलेजात जात असे. एका दुपारी वाडीतून येताना मी ते फळ तोडले आणि मीठही न लावता खाऊन टाकले. भूक लागली होती असेही नाही; समोर होते, म्हणून खाल्ले. बाटलीतले जुने बी त्याच पावसाळ्यात ओल लागून गेले होते, हे नंतर कळले. आजी उन्हाळ्यापूर्वी गेली आणि तिचे ते वाणही तिच्यामागे गेले. त्याला नाव नव्हते. त्यामुळे ते कोठे मागताही आले नाही. त्या फळाची चव मला आठवत नाही, हेच अधिक लाजिरवाणे आहे.

कोणी म्हणेल, माणसापेक्षा बी मोठे आहे काय? मुळीच नाही. दुष्काळात लेकरांसाठी बियाण्याची कणगी उघडणाऱ्या आईला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु या प्रश्नाची दुसरी बाजूही इतिहासात नोंदलेली आहे. 1941 ते 1944 या काळात लेनिनग्राड शहराला वेढा पडला असताना तेथील वनस्पतिसंस्थेत जगभरातून गोळा केलेले धान्याचे आणि बियांचे वाण होते. संस्थेचे प्रमुख निकोलाय वाव्हिलोव्ह स्वतः तेव्हा कैदेत होते; 1943 मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. इकडे त्यांचे अनेक सहकारी उपासमारीने मेले, पण संग्रहाला त्यांनी हात लावला नाही. तांदळाचे वाण सांभाळणारे दिमित्री इव्हानोव्ह तांदळाच्या पुड्यांमध्ये बसून भुकेने गेले. असा त्याग कोणी कोणाकडून मागू नये. तो ज्याचा त्यानेच करायचा असतो. पण त्यांच्यासमोर माझी ती दुपार ठेवली, की मला पळवाट राहत नाही. ते उपाशी होते. मी नव्हतो.

याचा अर्थ दुकानातून बी आणणारा शेतकरी अपराधी, असा काढू नये. आजीनंतर वडिलांनी संकरित बियाण्याची पाकिटे आणली. त्या पिकाच्या उत्पन्नातून माझी फी भरली गेली, हे विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल. मात्र संकरित फळाचे बी पेरले, तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात. एकसारखे पीक येत नाही. म्हणून दरवर्षी पाकीट घ्यावे लागते आणि चिंधी बांधण्याची सवय हळूहळू सुटते. भारताच्या 2001 च्या वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायद्याने आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि नाममुद्रा न लावता विकण्याचाही हक्क शेतकऱ्याला दिला आहे. हा हक्क मोलाचा आहे. पण ज्याच्या घरात राखलेले बीच नाही, त्याने तो कशावर बजावावा?

आणि आपले तरी काय आहे? जुनी माणसे टोमॅटोला बेलवांगे म्हणत. दक्षिण अमेरिकेतले हे रोप मेक्सिकोत माणसाळले, युरोपीयांबरोबर समुद्र ओलांडून आपल्याकडे आले आणि आज त्यावाचून आपले कालवण होत नाही. वाटेत कितीतरी अनोळखी हातांनी आपल्या तोंडचे फळ बाजूला ठेवले असेल. शुभवर्तमानातला गव्हाचा दाणा आपण दरवर्षी ऐकतो. पण तो दाणा जमिनीत पडण्यापूर्वी कोणीतरी तो खाल्ला नव्हता, हे आपल्या ध्यानात येत नाही.

वाडी आता परसापुरती उरली आहे. आजीचे वाण परत येणार नाही. मी पुसा रुबी हे सरळ वाण लावतो. त्याचे बी राखता येते, कारण टोमॅटोचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. यंदा एका देठाला मी चिंधी बांधली. नातवाने विचारले, ‘‘आजोबा, हे कोणाचे?’’ आजीचे उत्तर ओठांवर आले होते. पण ते सांगण्याआधी, मी एकदा काय केले, ते मी त्याला सांगितले.