त्याच्यावाचून काय अडते?

प्रथिनांच्या रचनेवरच्या कामासाठी २०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना मिळाले. तेव्हापासून 'प्रथिनांचा प्रश्न सुटला' हे वाक्य चर्चासत्रांत आणि वर्तमानपत्रांत इतक्या सहज फेकले जाते की त्याला हटकायला कोणी थांबत नाही. रचनेचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणकप्रणालीच्या संग्रहात २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या रचनांचे अंदाज २०२२ मध्येच जमा झाले होते. त्यावरून पुढची पायरी गाठली जाते: रचना कळली की काम कळले, आणि काम कळले की प्रयोगशाळा उरली फक्त शिक्कामोर्तबापुरती. संगणकाचा धंदा आणि जीवरसायनशास्त्राची शतकभराची परंपरा ज्या बेंगळुरूत शेजारी नांदतात, तिथे हा निष्कर्ष मोहक वाटला तर नवल नाही.

हे सगळे ज्ञान आपल्या ग्रंथांत आधीच होते म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. 'या संशोधनाचा उपयोग काय' असे विचारणाऱ्यांनी औषधाच्या दुकानात एक चक्कर मारावी. मला बोलायचे आहे ते 'रचना कळली की काम कळले' म्हणणाऱ्या रचनावाद्यांशी, कारण ते हुशार आहेत आणि त्यांचे निम्मे म्हणणे खरे आहे.

ते निम्मे आधी मान्य करतो. १९६३ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिनाच्या साखळीला कोणती वळणे घेता येतात आणि कोणती नाहीत, याचा नकाशा मांडला. पुढे तेच रामचंद्रन बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि तिथे रेण्वीय जैवभौतिकीचा विभाग उभा राहिला. रचनाशास्त्र आपल्याकडे परके नाही, आणि आज वर्षांचे काम तासांत होत असेल तर त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही.

पण रचनेतून काम आपोआप उलगडत असते, तर आरटीसीबी या प्रथिनाची कहाणी घडलीच नसती. त्याची स्फटिकरचना २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. अणूअणूची जागा समोर होती, घडीही आजवर न पाहिलेली होती. ते करते काय, हे मात्र त्या चित्राने सांगितले नाही. तुटलेल्या आरएनएची टोके जोडणारे हे एन्झाइम आहे, माणसाच्या पेशीतही त्याचा भाईबंद आहे, हे २०११ मध्ये कळले. ते कळले पेशींचा अर्क घेऊन, त्याचे भाग करत करत जोडणीची क्रिया कोणत्या भागात उरते ते पाहिल्यावर.

यावर रचनावादी म्हणतील, हा माणसांचा मंदपणा झाला. यंत्र पुढे शिकेल. शिकेलही. रचनेवरून 'हे जोडणारे एन्झाइम असावे' असा अंदाज ते आजही अनेकदा बरोबर बांधते. पण अडचण यंत्राच्या बुद्धीची नाहीच. शोधायची गोष्ट त्या रेणूत असतेच असे नाही, ही खरी अडचण आहे.

टी४ हा जीवाणूंवर हल्ला करणारा विषाणू. त्याचे आरएनए जोडणारे एन्झाइम १९७२ मध्ये शुद्ध करून त्याचे गुणधर्म नोंदवले गेले. ते प्रयोगशाळांचे आवडते हत्यार झाले. ते काय करू शकते हे चोख ठाऊक होते. विषाणूला त्याची गरज काय, हे कोडेच होते. ते एन्झाइम नसलेले विषाणू नेहमीच्या ई. कोलाय जीवाणूंत खुशाल वाढत. त्यांचे काहीच अडत नसे. उलगडा झाला तो एका वेगळ्या वाणाच्या ई. कोलायमध्ये. तिथे हल्ला होताच जीवाणू प्रथिने बनवण्यासाठी लायसिन हा घटक वाहून आणणारा स्वतःचाच टीआरएनए कापतो, म्हणजे प्रथिननिर्मिती ठप्प होऊन विषाणूचीही वाढ खुंटावी. विषाणू, हे जोडणारे धरून, आपल्या दोन एन्झाइमांनी तो टीआरएनए दुरुस्त करतो आणि डाव उलटवतो. हे चित्र १९८७ मध्ये नीट स्पष्ट झाले. त्या एन्झाइमचे काम त्याच्या घडीत लिहिलेले नव्हते, ते शत्रूच्या पेशीत होते. दोन्ही जीवांचे जनुकसंच एकत्र वाचून संगणक उद्या असाही अंदाज बांधेल कदाचित, पण तो खरा की खोटा हे त्या वाणात विषाणू सोडल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून मी एकच भेद धरून बसतो: एन्झाइम काय करू शकते हा एक प्रश्न, आणि त्याच्यावाचून कोणाचे, कुठे, काय अडते हा दुसरा. पहिल्याला क्रिया म्हणू, दुसऱ्याला कार्य. रचना पहिल्याच्या जवळ नेते. दुसऱ्यासाठी जिवंत पेशी लागते, आणि ती कोणती हेही शोधावे लागते.

बेंगळुरूत हे दोन्ही प्रश्न एकत्र हाताळण्याची रीत आहे. प्रथिन बनता बनता अर्धवट राहिले की त्याचा तुकडा टीआरएनएला चिकटून बसतो. तो सोडवून टीआरएनए पुन्हा वापरात आणणाऱ्या एन्झाइमवर उमेश वार्ष्णेय यांनी विज्ञान संस्थेत दीर्घ काळ काम केले. क्षयाच्या जंतूतील याच एन्झाइमच्या रचना एम. विजयन यांच्या गटासोबत २००७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. वेगवेगळ्या स्फटिकांत त्या रेणूचे काही भाग वेगवेगळ्या ठेवणीत दिसले. रचना हवीच होती, पण ई. कोलायमध्ये हे एन्झाइम बंद पडले की पेशी मरते, हे आधी ठाऊक होते म्हणून त्या रचनेला अर्थ आला.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींनाही हा भेद नवा वाटला नसता. १९३३ मध्ये सी. व्ही. रामन यांनी त्यांना याच संस्थेत प्रवेश नाकारला, ही गोष्ट मराठी वाचकाला पाठ आहे. त्यांनी पुढे केले काय, हे फारसे कोणी सांगत नाही. मुंबईत त्यांनी वालातून पचनाच्या ट्रिप्सिन या एन्झाइमला अडवणारे प्रथिन स्फटिकरूपात मिळवले. ते काम १९५५ मध्ये 'नेचर'मध्ये आले. क्रिया हातात आली होती. झाडाला अशा प्रथिनांची गरज का असावी, याचा भक्कम धागा १९७२ मध्ये मिळाला, जेव्हा किडीने कुरतडलेल्या पानांत ती वाढताना दिसली. किडीशिवाय तो प्रश्न सुटत नव्हता.

निधी देणाऱ्यांनी आणि संशोधनाकडे वळणाऱ्या मुलांनी रचनांचा संग्रह जरूर वापरावा. पण 'सुटला' म्हणण्याआधी एवढे विचारावे: हे प्रथिन काढून घेतले तर कोणाचे अडते, आणि ते कोणी करून पाहिले आहे? उत्तर नसेल, तर काम अजून सुरू व्हायचे आहे.