लंबोदर आणि कुशाग्र

तल्लख बुद्धीला आपण कुशाग्र म्हणतो, कुश गवताच्या टोकासारखी. मंद असेल त्याला ‘जाड डोक्याचा’ म्हणतो. अंगाची आणि बुद्धीची सांगड अशी भाषेतच घातलेली आहे आणि वर्गातल्या गुबगुबीत मुलाला तिचे चटके बसतात. जास्त वजनाची मुले लक्ष टिकवण्याच्या, मोह आवरण्याच्या चाचण्यांत सरासरीने थोडी मागे पडतात, असे काही अभ्यासांत दिसले आहे. तेवढ्यावर आपण बोलून मोकळे होतो : वजनाने बुद्धी मंदावली. यातल्या ‘ने’ या प्रत्ययापाशी जरा थांबू या.

दोन गोष्टी सोबत दिसल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. दोन्हींचे मूळ तिसरीकडे असू शकते. मग वजनाचे मूळ कुठे? भूक पोटात जाणवते, पण तिचा हिशेब मेंदूत होतो. शरीरात साठा किती उरला, हे चरबीतून निघणारे लेप्टिन हे संप्रेरक मेंदूला कळवते. ते १९९४ साली सापडले. २००७ साली ‘एफटीओ’ या जनुकाचा एक प्रकार समोर आला. आई आणि वडील दोघांकडूनही तो मिळालेल्या प्रौढांचे वजन तो मुळीच नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोने जास्त भरले. २०१५ साली सुमारे ३ लाख ३९ हजार माणसांच्या तपासणीतून वजनाशी निगडित ९७ जागा जनुकसंचात सापडल्या. त्यांच्या आसपासची जनुके शरीरात कुठे काम करतात हे पाहिले, तेव्हा ठळक खूण निघाली ती मेंदूची आणि मज्जासंस्थेची. ज्या मेंदूत विचार चालतो, त्याच मेंदूत किती खायचे हेही ठरते.

तरी शंका उरते. जनुकांनी वजन वाढवले आणि मग वजनाने बुद्धी मंदावली, असे नसेल कशावरून? याचे उत्तर निसर्गानेच एका ठिकाणी दिले आहे. सोळाव्या गुणसूत्रावर जेमतेम तीस जनुकांचा एक तुकडा आहे. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात. काही मुलांत एक प्रत गळालेली असते. त्यांचे वजन वाढण्याकडे कल असतो आणि बोलणे, शिकणे अनेकदा उशिरा येते. काही मुलांत उलट एक प्रत जास्त असते. ती मुले बहुधा किडकिडीत असतात, पण बोलण्या-शिकण्यातल्या अडचणी त्यांच्यातही अनेकदा दिसतात. वजन दोन टोकांना, अडचण मात्र सारखी. इथे तरी दोष चरबीच्या माथी मारता येत नाही. मेंदूच्या घडणीतच काही बदलले आणि त्याची एक खूण वजनात दिसली, दुसरी शिकण्यात.

असा ठळक बदल फार थोड्या मुलांत असतो. बाकीच्यांत असंख्य जनुकांचा अगदी बारीक वाटा असतो आणि त्यात घरचे ताट, झोप, खेळ, गरिबी मिसळतात. चिडवण्याचा घावही मिसळतो. सरासरी हजारोंची असते. समोर बसलेल्या एका मुलाबद्दल ती काहीच ठरवू शकत नाही.

म्हणून वजनाच्या काट्यावर बुद्धी तोलू नये. मुलाला भूक आवरत नसेल, तर त्याला हावरट म्हणून हिणवू नये. त्याच्या मेंदूला ‘पुरे’ हा निरोप उशिरा पोचत असेल. आणि शिकायला अडत असेल, तर त्याला शिकवण्यातच मदत हवी, ताट ओढून घेऊन ती होत नाही.

ज्याला आपण लंबोदर म्हणतो, त्याच्याकडेच तर आपण बुद्धी मागतो. दरवर्षी घरी आणतो त्या मूर्तीसमोर हात जोडताना वर्गातले ते मूल आठवले, तरी पुष्कळ झाले.