सावित्रीचा शोक आणि करंजाची मैत्रीण



दत्तजयंतीच्या सप्ताहात तिसावा अध्याय आला की मंडपात एक शांतता पसरते. माहूरच्या गोपीनाथांचा मुलगा दत्त, त्याला जडलेला क्षय, आणि त्याला घेऊन गाणगापूरची वाट धरणारी त्याची पत्नी सावित्री. कथा आपल्याला पाठ आहे. गावाशी येऊन पोचावं आणि नवऱ्याने प्राण सोडावा! मग तापसी येतो, भस्म देतो, चार रुद्राक्ष देतो, आणि पुढे श्रीगुरूंच्या कृपेने तो मेलेला उठून बसतो. त्या उठण्याकडे आपले कान लागलेले असतात. खरं सांगायचं तर मधला शोक आपण जरा घाईनेच ऐकतो.

यंदा मला तो शोकच ऐकू आला. सरस्वती गंगाधरांनी त्या बाईला किती रडू दिलंय पाहा! जमलेले लोक समजावतात, ती ऐकत नाही, ओव्यांमागून ओव्या रडते. मग तापसी समोर येतो. तो ज्ञान सांगतो, देह नाशवंत आहे हेही सांगतो, पण ते तिचं रडून झाल्यावर. आणि तापसाच्या वेषात कोण होतं, हे तुम्हा सज्जनांना मी सांगायला नको.

हे सगळं मनात आलं ते माझ्या एका जुन्या मैत्रिणीमुळे. ती करंजाची. दत्तभक्तांना कारंजा म्हटलं की नृसिंहसरस्वती महाराजांचं जन्मस्थान, वऱ्हाडातलं लाडांचं कारंजा आठवणार. हे ते नव्हे. हे उरणजवळचं, पूर्वी पनवेल तालुक्यातच मोडणारं कोळ्यांचं बंदर. वर द्रोणागिरीचा डोंगर, समोर खाडीपलीकडे रेवस. ब्रिटिश अमदानीत या उरणात मोहाच्या दारूच्या भट्ट्या होत्या आणि इथली दारू मुंबईला जाई. भट्ट्या गेल्या, पण दारू काही किनाऱ्यावरून गेली नाही.

आमची ओळख दारूमुळेच झाली. माझेही यजमान पीत. पनवेलला अशा घरच्या बायकांचा एक गट जमत असे. अमेरिकेत 1935 साली एक दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारूने बुडालेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. त्या दलालाच्या पत्नीने, लोइस यांनी, 1951 मध्ये घरच्या माणसांसाठी अल्-अ‍ॅनॉन काढली. आपल्याकडे पुण्यात अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण सुरू केलं, तिथेही पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. आमचा गट अगदी साधा, सतरंजीवर बसणारा. नियम दोनच. इथलं बोलणं इथेच राहील आणि कुणी कुणाला मधे तोडणार नाही. म्हणून मैत्रिणीचं नाव मी इथे लिहीत नाही. हे थोडं लिहिते आहे तेही तिला विचारूनच.

ती एसटीने यायची, पिशवीत सोडे नाहीतर सुका जवळा घेऊन. कपाळावर खोक पडलेली असतानासुद्धा सगळ्यांना हसवायची. मग तिच्या माणसाने एके दिवशी दारू सोडली ती सोडलीच. अठरा वर्षं थेंब नाही. तांडेल होता, पुन्हा बोटीवर मानाने जाऊ लागला. कार्ल्याला एकवीरेच्या जत्रेला गेला तेव्हा शुद्धीत राहून पहिल्यांदा तिच्यासाठी काही आणलं, हिरव्या बांगड्या. दर सप्ताहात हा अध्याय ऐकून ती मला म्हणायची, "बाय, ही माझीच गोष्ट. माझा पण उठला."

यंदा जूनमध्ये तो गेला. मासेमारीची बंदी लागली होती, होडी वर ओढलेली, माणूस घरात निजलेला. झोपेतच गेला.

आता पाहा, लोक काय बोलले. "सुटलीस ग बाई!" ज्यांनी तिचे जुने दिवस पाहिले होते त्यांनीच हे म्हटलं, आणि प्रेमाने म्हटलं. ती मला म्हणाली, "पिणारा होता त्याचं रडणं मी तेव्हाच रडून घेतलंय. हा दुसरा होता. याच्यासाठी कोणी रडूच देत नाही."

कुणी शहाण्याने तिला अवधूताचे चोवीस गुरू ऐकवले. भागवताच्या एकादश स्कंधातला तो कपोत, पिल्लांच्या मोहाने जाळ्यात सापडलेला. माझं स्पष्ट मत आहे, मयताच्या घरी कपोताची कथा सांगू नये. तो गुरू यदुराजाला सांगितला होता, धडधाकट, विचारायला आलेल्या माणसाला. आणि कुमारीच्या कंकणांचा दृष्टांत? कांडताना बांगड्या वाजू नयेत म्हणून मुलगी एकेक करून त्या काढते आणि शेवटी एकच ठेवते. एकांताचा फार सुंदर धडा आहे. पण बांगड्या फोडायला बायका दारात उभ्या असताना तो सांगायचा का?

तिच्याकडेही दहाव्याला त्या आल्या. हिने हात पुढे केला नाही. "त्याने शुद्धीत आणलेल्या आहेत, फुटायच्या तेव्हा फुटतील," म्हणाली. काही नाराज झाल्या. अशांना मी आपल्या वाडीच्या शेजारचं उदाहरण देते. नरसोबावाडी ज्या शिरोळ तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. बत्तिसाव्या अध्यायातले विधवेचे आचार वाचताना तो काळ कोणता होता हे ध्यानात ठेवावं. श्रद्धा त्याने कमी होत नाही.

आणखी एक. टेंबे स्वामी महाराजांची करुणात्रिपदी आपण रोज म्हणतो. महाराजही गृहस्थ होते, पत्नी अन्नपूर्णाबाई गंगाखेडला गोदाकाठी गेल्या, आणि मग त्यांनी संन्यास घेतला. बायकोमाणसाचं जाणं म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या माणसाची ती प्रार्थना आहे, असं मनात धरून एकदा म्हणून पाहा.

श्रावणात आम्ही गटातल्या चौघी करंजाला गेलो. दोघींच्या गुडघ्यांचं काही खरं नाही, तरी गेलो. जुन्या नियमाने बसलो. ती बोलली, आम्ही ऐकलं. मग तिने विचारलं, "सावित्रीचा उठला. माझा का नाही?"

एकजण हळूच म्हणाली, "तुझा एकदा उठला होता ना ग."

"मग दुसऱ्यांदा का नाही?"

सज्जनहो, याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडे नव्हतं. मी तीस वर्षं पोथी ऐकते आहे, पण कर्म, प्रारब्ध हे शब्द त्या वेळी तोंडातून काढवले नाहीत. कुणी काही बोललं नाही, कुणी उठलंही नाही. चुलीवर भात लागल्याचा वास आला तेव्हा तीच उठली. आत जाऊन आमच्यासाठी ताटं घेतली, आणि जेवताना बोटीवरच्या त्याच्या गमती सांगत रडली आणि हसलीही.

या वर्षीच्या सप्ताहाला ती येणार आहे. तिसावा ज्या दिवशी येईल त्या दिवशी येऊ का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, ये, माझ्याशेजारी बस, आणि नकोसं वाटलं तर आपण दोघी बाहेर पारावर जाऊन बसू. गटाची पुढली बैठक पनवेलला नाही, तिच्या ओट्यावर आहे. ज्यांच्या घरी असं दुःख आहे त्यांनी पौर्णिमेनंतर मला मंदिरात भेटावं, एसटीची वेळ सांगेन.