पिंपातले वचन

ज्याने आयुष्यात वाइनचा थेंबही चाखलेला नाही अशा शाळामास्तराने वाइनच्या खरेदीविक्रीवर लिहावे, हे धारिष्ट्यच म्हणायचे. पण माझा प्रश्न चवीचा नाही. जी वस्तू अजून तयार व्हायची आहे तिचे दाम आज मोजून घेतले, तर घेणाऱ्यावर नेमके कसले ऋण चढते, एवढेच मला पाहायचे आहे. हा प्रश्न मला भेटला तो माझ्या स्वतःच्या एका चुकीमुळे. त्याचा उलगडा मात्र फ्रान्समधल्या बोर्दो प्रांताविषयी वाचताना होऊ लागला.

तिथली रीत अशी आहे. द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात. रस आंबतो आणि ओकच्या लाकडाच्या पिंपांत जाऊन बसतो. एका पिंपात २२५ लिटर, म्हणजे सुमारे ३०० बाटल्यांचा माल. पुढच्या वसंतात जगभरचे व्यापारी आणि परीक्षक तिथे जमतात व पिंपातून काढलेल्या नमुन्याचा घोट घेतात. तो घोट कच्चा आणि तुरट असतो. पोरसवदा मुलाकडे पाहून हा पुढे कसा निघेल हे आम्ही मास्तर जसे सांगतो, तसे हे लोक त्या तुरटपणावरून वीस वर्षांनंतरचे भविष्य सांगतात. मग मळेवाले भाव जाहीर करतात, दलाल मध्ये पडतात, व्यापारी माल उचलतात आणि लंडनातला एखादा गृहस्थ पैसे भरून मोकळा होतो. त्याच्या हाती येतो फक्त एक कागद. बाटली यायला अजून दीड-दोन वर्षे असतात, आणि ती पिण्याजोगी व्हायला कदाचित त्याचे उरलेले आयुष्य! या पद्धतीला तिकडे ‘आं प्रिमर’ म्हणतात.

ही रीत निव्वळ हव्यासातून निघालेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या मळेवाल्यांच्या गाठी पैसा नव्हता. तेव्हा व्यापारी कधी कधी द्राक्षे वेलीवर असतानाच पीक घेऊन टाकीत. आमच्याकडे कोकणात मोहोर पाहून आंब्याची बाग घेतात, त्यातलाच हा प्रकार. त्यात जोखीम केवढी! १९५६ च्या फेब्रुवारीत असा कडाका पडला की बोर्दोकडे वेलीच्या वेली जळून गेल्या. अशा मुलखात आगाऊ पैसे देणारा आभाळाच्या लहरीत आपला वाटा उचलतो. मळेवाल्याला त्या पैशाने मजुरी भागवता येते, पिंपे घेता येतात. आणि मुख्य म्हणजे धीर येतो.

पण आगाऊ पैशाला दुसरे तोंडही आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या ‘राज्यशास्त्रा’त थेलीझ या तत्त्वज्ञाची गोष्ट सांगितली आहे. दारिद्र्यावरून लोक त्याला हिणवीत. त्याने ताऱ्यांवरून ताडले की येते ऑलिव्हचे पीक उदंड येणार. भर हिवाळ्यात थोडाथोडा इसार देऊन त्याने मिलेटस आणि किऑस इथले सगळे घाणे आपल्या नावावर करून ठेवले आणि हंगामात हव्या त्या दराने भाड्याने दिले. तत्त्वज्ञाला मनात आणले तर श्रीमंत होता येते, हे त्याने दाखवून दिले. त्याने कुणाला फसवले नाही हे खरे. पण त्याला तेलाशीही कर्तव्य नव्हते आणि घाणेवाल्यांशीही.

बोर्दोतही पुढे थेलीझ पुष्कळ झाले. रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकाने १९८२ च्या हंगामाची वाइन पिंपात असतानाच मुक्तकंठाने वाखाणली. इतर काही जाणकार तेव्हा साशंक होते. पार्करचा शब्द खरा ठरला आणि आगाऊ घेणाऱ्यांचे पैसे कित्येक पटींनी वाढले. बाटलीचे बूच न काढताही ती ‘घेता’ येते, हे तेव्हापासून पुष्कळांना कळले. २००९ आणि २०१० या हंगामांचे भाव तर आकाशाला भिडले; पुढे त्यांतले काही दणकून उतरले. २०१२ मध्ये लातूर या नामांकित मळ्याने जाहीर केले की यापुढे आम्ही पिंपातली वाइन विकणार नाही. ती आमच्या तळघरात मुरेल आणि तयार झाली म्हणजेच बाहेर पडेल. (आपल्या लातूरचा आणि याचा नावापुरताच संबंध!) कुणी याला व्यवहार म्हणाले, कुणी मिजास. मला त्यात एक सचोटी दिसली: वचन द्यायचे नाही, म्हणजे ऋणही नाही. मात्र ही सचोटी तिजोरी भरलेल्यालाच परवडते.

आता माझी चूक सांगतो. माझ्या दुसऱ्या कादंबरीची जाहिरात प्रकाशनपूर्व सवलतीसह झाली, तेव्हा निम्मीही लिहून झालेली नव्हती. दिवाळीला देतो म्हणालो आणि दोन वर्षे लावली. ती वर्षे कादंबरी मुरवण्यात गेली असती तर मला बोच लागली नसती. पण त्यांतला बराच काळ मी चार पैशांसाठी शालेय मार्गदर्शिका लिहीत होतो. नोंदणी करणाऱ्यांत एक निवृत्त शिक्षक होते. ‘सावकाश लिहा, पण चांगले लिहा,’ असे त्यांनी पैशांसोबत कळवले होते. पुस्तक निघाले तेव्हा त्यांच्या मुलाचे पत्र आले. वडील मागच्या पावसाळ्यात गेले; दर दिवाळीला पुस्तकाची चौकशी करायचे. मी पैसे परत करू का, असे विचारले. मुलाने लिहिले, ‘पैसे नकोत. वडिलांचे नाव घालून प्रत पाठवा.’

त्या प्रतीवर नाव लिहिताना मला कळले की त्या गृहस्थांनी मला दोन गोष्टी दिल्या होत्या. पैसे, आणि त्यांचे वाट पाहणे. पहिली परत करता येते. दुसरी कुठल्याही हिशेबाने फेडता येत नाही. कागद नफ्याने विकून टाकणारा फक्त पैसे देतो. त्याच्याशी व्यवहार सोपा, त्याला माल वेळेवर पोचला की संपले. पण जो पिण्यासाठी, वाचण्यासाठी थांबून राहतो, तो आपल्या मोजक्या दिवसांतले काही आपल्या हवाली करतो. त्या दिवसांत आपण खरोखर पिंपाशी बसलो होतो की नाही, एवढाच त्याचा आपल्यावर हक्क.

यंदा प्रकाशकांनी नव्या कादंबरीच्या नोंदणीविषयी विचारले. कागदाचा खर्च त्यांना झेपत नाही; लातूरची ऐट आम्हा दोघांनाही परवडणारी नाही. मी होकार दिला, पण एका अटीवर: जाहिरात हस्तलिखित पुरे हातात आल्यावरच करायची. माल पिंपात असताना पैसे घ्यायला हरकत नाही. निदान द्राक्षे तरी उतरलेली असावीत.

शेवटची दोन प्रकरणे अजून वेलीवर आहेत.