तपासणी फुकट होती

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर जांबे गावाजवळच्या एका नव्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिलांसाठी मोफत आरोग्य तपासणी शिबिर भरले होते. शिबिर एका नव्या कंपनीचे. मदतीला आम्ही काही स्वयंसेवक. रांग लावणे, पाणी देणे, नावे लिहून घेणे ही आमची कामे. हिंजवडीला नोकरी करणाऱ्या मुली आल्या होत्या, त्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायका आल्या होत्या, आणि जिथे आज टॉवर उभे आहेत तिथे पूर्वी शेती करणाऱ्या गावच्या आजीबाईही होत्या.

टॅबलेट घेऊन बसलेली मुलगी अगदी आदराने विचारत होती. पाळी कधी गेली? बाळंतपणे किती? एखादे मूल दगावले का? रात्री घाम येतो का? अठ्ठावन्न वर्षांच्या एका मावशींनी पदर तोंडाशी धरून उत्तरे दिली. त्यातल्या काही गोष्टी त्यांनी घरातही कधी काढल्या नव्हत्या. मग संमतीसाठी मोबाइलवर ओटीपी आला. मोबाइल मुलाचा, आणि तो ड्युटीवर. त्याला फोन लावला, त्याने आकडे वाचून दाखवले, मुलीने ते टाकले. झाली संमती! मावशी जरा घुटमळल्या, तेव्हा ‘द्या हो मावशी, काही होत नाही’ असे म्हणणारे आम्हीच होतो.

अहवाल आला तोही मुलाच्याच फोनवर. इंग्रजीत, अकरा पानांचा. काही गंभीर असेल तर फोन करतील, असे समजून त्याने तो बंद करून ठेवला. चार महिन्यांनी मावशी चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी रक्त तपासले तर हिमोग्लोबिन साडेसात. जुना अहवाल उघडून पाहिला, तेव्हाही ते आठच्या खालीच होते. म्हणजे चार महिने ही गोष्ट कंपनीच्या संगणकाला ठाऊक होती आणि मावशींना नव्हती.

बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या बाईची कथा आपण शुभवर्तमानात ऐकतो. तिने सगळे खरे खरे सांगितले आणि ती बरी होऊन घरी गेली. आमच्या मावशींनीही सगळे सांगितले होते. तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनातून जात नाही: जिच्या शरीरातून ही माहिती निघाली, तिचे माहिती घेणाऱ्याकडे काय येणे आहे?

यावर ‘माहिती देऊच नका’ असे सांगणे सोपे आहे, पण ते योग्य नाही. स्त्रीच्या शरीराची नोंद आजवर फार कमी ठेवली गेली. अमेरिकेत १९७७ पासून कितीतरी वर्षे मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळले जात होते. आपल्याकडे, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांपैकी किती जणींची गर्भाशये काढली गेली हे २०१९ मध्ये सरकारी समितीने मोजले तेव्हा कळले: सुमारे ८२ हजारांत १३ हजारांहून अधिक. न मोजलेले दुःख कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

शिवाय आयुष्य वाढले आहे. २०१६ ते २०२० च्या सरकारी आकडेवारीनुसार भारतात पुरुषाचे सरासरी आयुर्मान ६८.६ वर्षे, तर स्त्रीचे ७१.४. पाळी साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळीसला जाते. पुढची पंचवीस वर्षे हाडे, हृदय, साखर, झोप यांचे काय होते याकडे पूर्वी कोणी फारसे बघत नव्हते. आता तरुण उद्योजक बघू लागले आहेत. बोटातली अंगठी झोप मोजते, घरी येऊन रक्त नेतात, ॲप पाळीचा हिशेब ठेवते. त्यात धंदा आहे म्हणून आम्ही नाक मुरडणार नाही. डॉक्टरही फी घेतोच.

पण देणे-घेणे कसे असावे याचे धडे आपल्याच भागात आहेत. १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्या काय खातात, किती कष्ट करतात, बाळ किती वजनाचे होते हे सारे टिपले. हिरव्या भाज्या आणि फळे वरचेवर खाणाऱ्या आयांची बाळे वजनाने बरी निघाली. पुढे या गावांत ब१२ जीवनसत्त्वाची उणीव लक्षात आली, आणि २०१२ पासून त्याच आयांच्या वयात आलेल्या मुलामुलींना ते जीवनसत्त्व देऊन पाहणारा अभ्यास झाला. घेतलेले त्याच उंबऱ्यावर परत आले, उशिरा का होईना.

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा मेमोरियल त्यात होते. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. गावांचे चार गट पाडले. तीन गटांत वेगवेगळ्या तपासण्या झाल्या. चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा, कारण तुलनेसाठी कोणीतरी लागतेच. २००९ मध्ये निष्कर्ष आला. एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू, आणि जवळपास तेवढ्याच मोठ्या चौथ्या गटात ६४. एका तपासणीने मृत्यू निम्म्यावर येतात हे जगाला कळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच तपासणी पहिली पसंती म्हणून सुचवली.

या चौथ्या गटावरून पुढे मोठा वाद झाला. त्या गावांत एरवीही तपासणी नव्हतीच, कोणाचे काही काढून घेतले नाही, असे एक म्हणणे. तपासणी हाताशी असताना ती न देता केवळ मोजत राहणे बरोबर नाही, असे दुसरे. आमचे मन दुसऱ्या बाजूला झुकते. पण एचपीव्ही गटातल्या ज्या स्त्रिया वाचल्या त्यांच्या लेकींसमोर हे ठामपणे बोलता येईल का, याची खात्री नाही.

कंपनीच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. रुग्णालय जागेवर राहते. कंपनी राहीलच असे नाही. लाळेवरून जनुके तपासून देणाऱ्या ट्वेंटीथ्री अँड मी या अमेरिकन कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. सुमारे दीड कोटी माणसांची जनुकीय माहिती तिच्या मालमत्तेत होती, आणि ती माहितीही विक्रीत गेली. खरेदीदार कंपनीच्या संस्थापिकेनेच काढलेली एक संस्था निघाली, हे त्या ग्राहकांचे नशीब.

आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले. संमतीविषयीच्या बहुतेक तरतुदी पाळण्यासाठी कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे. संमतीची सूचना मराठीतही मागता येईल, दिलेली संमती मागे घेता येईल. चांगले आहे. मात्र ओटीपी मुलाच्या फोनवर येतो त्याला कायदा काय करणार?

आमच्या मावशींना आता लोहाच्या गोळ्या आशाताई आणून देतात. आशाताईही वहीत सगळे लिहून घेतात. पण लिहिणारी आणि गोळ्या देणारी बाई एकच. मात्र शिबिरात आलेल्या एका नोकरदार मुलीने आम्हाला वेगळेच सांगितले. ‘आशाताई आमच्या शेजारच्या आहेत, म्हणून तर त्यांना सांगवत नाही. मशीन बरे, ते गावात बोलत नाही.’ यावर आम्हाला उत्तर सुचले नाही.

यंदाच्या शिबिराची पत्रके लागली आहेत. आम्ही आयोजकांना भेटलो. अहवाल मराठीत, छापील, बाईच्या स्वतःच्या हातात द्यावा, आणि काही गंभीर दिसले तर माणसाने फोन करावा, एवढे मागितले. कागद देऊ म्हणाले. फोनसाठी माणूस ठेवणे परवडत नाही. मग फोन आम्ही करतो, यादी द्या, असे आम्ही म्हणालो. यादी देता येणार नाही, गोपनीयतेचा नियम आहे, असे उत्तर मिळाले. त्यांचे म्हणणे चूक नाही. त्या बायकांनी आम्हाला तरी कुठे विचारून यादी द्यायला सांगितले आहे? आता नावनोंदणीच्या वेळीच प्रत्येकीला विचारायचे ठरले आहे, फोन कोणाच्या नंबरवर आणि कोणी केलेला चालेल. मावशींनी अजून नाव दिलेले नाही.