चकाकीची किंमत

जुनी फियाट ११०० पुन्हा रस्त्यावर आणायची, तर बंपर आणि हबकॅप क्रोमिंगला द्यावेच लागतात. मालकाची अट एकच : चकाकी पहिल्यासारखी हवी. क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. खरी मेहनत त्याखालची. गंज काढणे, पॉलिश, तांबे, मग निकेल. (उर्दूतली ‘कलई’ आणि मराठीतली ‘कल्हई’ एकच. उर्दूत कलई खुलते, म्हणजे बिंग फुटते.)

बिंग टाकीत आहे. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमच्या टाकीतून उठणाऱ्या बारीक तुषारांनी कारागिराच्या नाकाच्या पडद्याला भोक पडते, फुप्फुसाचा कर्करोगही होतो. ट्रायव्हॅलंट क्रोम बरेच कमी घातक. पण त्याची छटा किंचित वेगळी, म्हणून शौकीन नाक मुरडतात. कॅलिफोर्नियाने २०२३ साली शोभेच्या कामातून हेक्झाव्हॅलंट टप्प्याटप्प्याने हटवण्याचा नियम केला.

कारागीर स्वखुशीने करतो ना, असे कुणी म्हणेल. पोटासाठी केलेल्या कामाला स्वखुशी म्हणणे मला जड जाते. आणि मजुरीत नाकाची किंमत कुठे धरलेली असते? दोन बंपर शेजारी ठेवले तर छटेतला फरक दिसेलही. गाडीवर चढवल्यावर किती जण ओळखतील? छटेची चौकशी आपण दहादा करतो. टाकीवरचा धूर ओढणारा पंखा चालू आहे का, हे एकदा तरी विचारतो का?