उपसा

गिरगावात किंवा दादरला घर घेणाऱ्याला मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव मिळत नाही. अंगण मिळाले तरी पुष्कळ. फार तर विहीर मिळते. चाळीच्या मागच्या अंगाला, वर लोखंडी जाळी, जाळीवर तुळशीच्या कुंड्या, एक मोडकी सायकल आणि कुणीतरी वाळत घातलेले पापड. नवा रहिवासी कौतुकाने वाकून बघतो, नाक दाबतो आणि विचारतो, “हिची साफसफाई करायची तर खर्च किती येईल?”

माझ्या मते हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा, की साफ झाल्यावर रोज पाणी काढणार कोण?

ज्यांच्या बंगल्यामागे तलाव असतो, त्यांचीही यातून सुटका नाही. उन्हाने पाण्यातले क्लोरीन उडते आणि पंप बंद पडला की आठवड्याभरात पाणी हिरवे होते. फरशा नव्या बसवल्या, रंग दिला, तरी पाणी रोज गाळणीतून फिरवणारा माणूस नसेल तर पुढच्या पावसाळ्यात सगळे पहिल्यासारखे. विहिरीला गाळणी लागत नाही. तिला झरे असतात. पण झऱ्यातून नवे पाणी यायला जुने बाहेर पडावे लागते. म्हणजे उपसा हवाच.

मुंबईतला हा उपसा थांबला त्याला कुणाची दुष्टाई कारण नव्हती. १८६० मध्ये विहारचे पाणी शहरात आले, १८९२ मध्ये तानसाचे. घरात नळ आला, आणि तोटी फिरवून भागत असताना पोहरा सोडायला कोण जाईल? धोबी तलावाचीच गोष्ट घ्या. फ्रामजी कावसजींनी १८३९ मध्ये पदरचे पैसे घालून तो नव्याने बांधला, सरकारने त्यांचे नाव तलावाला दिले. उत्तम दुरुस्ती, उदार दाता, आणि तरीही तलाव बुजला. आज तिथे नाव आहे आणि चौक आहे. गवालिया टँकचे मैदान झाले, सी. पी. टँक हा बसचा थांबा उरला.

विहिरींच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे मलेरिया. डॉ. बेंटली यांनी १९११ मध्ये मुंबईतल्या मलेरियाच्या कारणांवर अहवाल दिला, त्यात घरोघरच्या विहिरींवर बोट होते. शहरात मलेरिया पसरवणारा ॲनॉफिलीस स्टीफेन्सी हा डास गटाराच्या नव्हे, तुलनेने स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. तेव्हा विहिरी बुजवा किंवा झाका, असा तगादा लागला. धर्मकृत्याला उघड्या विहिरीचे पाणी लागते म्हणून हिंदू आणि पारशी दोघांनीही तक्रार केली. तोड म्हणून काही ठिकाणी बारीक जाळी आणि पोहऱ्यापुरते दार असा मार्ग निघाला. आपण आज हळहळतो, पण पालिकेचे काही चुकले असे मला वाटत नाही. ताप खराच होता. आणि आजही कुणी विहीर मोठ्या हौसेने स्वच्छ करून उघडी टाकली, तर तो डासांसाठीच पाळणा टांगतो. जाळी हवी, गप्पी मासे हवेत.

मग पागडीचा तिढा. भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. मालकाला त्या भाड्यात जिना दुरुस्त करणे परवडेना, तो विहिरीकडे कशाला बघेल? भाडेकरू म्हणे, विहीर मालकाची. मालक म्हणे, वापरता तुम्ही. खरे तर वापरत कुणीच नव्हते. निर्माल्य मात्र सगळे टाकत होते.

गिरगावातल्या एका वाडीत गाळ काढताना मी कठड्याशी उभा होतो. आलेल्या माणसांपैकी म्हातारा होता त्याने आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडला. विझला तर उतरायचे नाही, हे त्याचे शास्त्र. (तेही अपुरेच. आत विषारी वायू असला तरी कंदील जळत राहू शकतो. शिवाय आत पेट घेणारा वायू साठलेला असू शकतो. वायू मोजायचे यंत्र हवे. विहिरीत उतरलेली माणसे गुदमरून गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो.) मग बादल्या वर येऊ लागल्या. काळा, लोण्यासारखा मऊ गाळ, त्यात देवांच्या काच फुटलेल्या तसबिरी, प्लास्टिकच्या पिशव्यांत गाठ मारून टाकलेले हार, आणि एक चेपलेली पितळी कळशी. कळशी बघून चाळीतल्या तीन आज्यांनी ती आपलीच असल्याचे सांगितले. दुपारनंतर एका बाजूच्या दगडांतून पाणी पाझरू लागले, तेव्हा टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जण त्या पाण्याने पुढे जिना धुणार होते, हे मला तेव्हाच विचारायचे होते.

कंत्राटावर सोपवले की काय होते ते बाणगंगा तलावाने दाखवले. जून २०२४ मध्ये सुशोभीकरणाच्या कामात गाळ काढण्यासाठी यंत्र थेट दगडी पायऱ्यांवरून खाली उतरवले गेले. पायऱ्या फुटल्या आणि कंत्राटदारावर गुन्हा नोंदवावा लागला. ज्यांचा त्या पायऱ्यांवर रोजचा राबता आहे, त्यांच्या हाती काम असते तर हे घडले नसते, असे म्हणायचा मोह होतो. पण राबता असलेल्यांचेही गोडवे गाऊ नयेत. पितृपक्षात पाण्यात सोडलेल्या पिंडांमुळे तिथे मासे मरून वर आल्याच्या बातम्याही आपणच वाचल्या आहेत.

उपशालाही मर्यादा आहेच. काळबादेवीतल्या विहिरींतून वर्षानुवर्षे पाणी काढून टँकरने विकल्याचा, कोट्यवधींचा गुन्हा २०१९ मध्ये दाखल झाला. तिथे उपसा भरपूर होता. पण समुद्राला खेटून असलेल्या या जमिनीत गोड्या पाण्याचा थर खाऱ्यावर तरंगत असतो. बेसुमार ओढले की खारे वर येते. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ पासून गोडी राखून आहे. तिला सांभाळणारे तिथे प्रार्थनेला येतात, आणि त्यांना लागते ते पाणी थोडे.

लालबाग-परळच्या नव्या टॉवरांत सातव्या-आठव्या मजल्यावर पोहण्याचा तलाव असतो. जाहिरातीत तो सगळ्यात वर आणि देखभालीच्या बिलात सगळ्यांत तक्रारीचा. खाली, वाहनतळाच्या कोपऱ्यात, जुन्या चाळीची विहीर काँक्रीटच्या झाकणाखाली असते. तेव्हा पुनर्विकासाच्या करारावर सह्या करायच्या आधी रहिवाशांनी एवढे लिहून घ्यावे: विहीर बुजवायची नाही, झाकणाला माणूस उतरेल एवढे दार आणि डासांची जाळी, फ्लशच्या टाकीला विहिरीची स्वतंत्र नळजोडणी, रोजचा उपसा किती आणि पंपाचे वीजबिल कुणाच्या नावावर. विकासक बाकीचे पटकन मान्य करील. घासाघीस होईल ती स्वतंत्र नळजोडणीवर, कारण ती प्रत्येक मजल्यावर न्यावी लागते, आणि ती नसेल तर बाकीच्या कलमांना काही अर्थ नाही.